ट्रायसेप्स मशीनवर कोपर दुखतं, ट्रेनर म्हणतो फॉर्म चुकतोय. मशीन सोडून केबलवर जाऊ का?

फॉर्म चुकत नसेल, मशीनच चुकलं असेल. इतकं ठाम बोलतोय, कारण तसलं एक मशीन मी स्वतःच्या हातानं बनवलंय.

इचलकरंजीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, लूमचे बारीकसारीक पार्ट. एकदा एक जिमवाला मोबाइलमध्ये परदेशी मशीनचा फोटो घेऊन आला, ‘सेम टु सेम पाहिजे.’ तेच बसून करायचं ट्रायसेप्स एक्स्टेन्शन, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूसाठी कोपर सरळ करत दांडा ढकलायचा. माप घ्यायला त्यालाच स्टुलावर बसवला. गडी सहा फूट. त्याच्या कोपराच्या रेषेत शाफ्ट बसवला, बेअरिंग चांगली घातली, वेल्डिंगवर तर आजही कुणी बोट ठेवणार नाही.

पण जिमला यायची पाच-चार, पाच-पाच उंचीची पोरं. त्यांचं कोपर शाफ्टपासून दीड इंच लांब पडायचं. दांडा एका गोलात फिरतो, हात दुसऱ्या गोलात. मग प्रत्येक रेपला एकतर कोपर पॅडवरून उचलतं, नाहीतर मूठ सरकते, आणि वजनाचा ताण सांध्यावर जातो. गेटची दोन बिजागरं एका रेषेत नसली तर गेट कुरकुरतं, हे मी रोज बघतो. कोपर हेही बिजागरच, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

कळल्यावर मी स्वतःहून गेलो. म्हटलं, सीटला भोकं पाडून पिन देतो, पाठीचं पॅड पुढं-मागं होईल असं करतो, दीड हजार जादा लागतील. तर म्हणाला, ‘तू वेल्डिंग कर, बॉडी आमी बघतो.’ आणि मशीनवर बोर्ड लावला, ‘फॉर्म नीट ठेवा’!

दांड्याला गोल पुली बसवा हेही त्या जिमवाल्याचंच म्हणणं. हाताची ताकद प्रत्येक कोनात सारखी नसते, म्हणून तर अमेरिकेतल्या आर्थर जोन्सनं १९७० च्या सुमारास शंखासारखा कॅम काढला, म्हणजे कोनाप्रमाणे वजन कमी-जास्त लागेल अशी वाकडी चकती, आणि नॉटिलस नावाच्या त्या समुद्री शंखावरूनच मशीनला नाव दिलं. कॅम लेथवर होत नाही, टेम्प्लेट करून कापावा लागतो. खर्च आला की झालं.

तुमचा प्रश्न राहिलाच. केबल चालेल, पण नुसतं पुशडाउन, म्हणजे वरून खाली दाबणं, नको. ट्रायसेप्सचे तीन भाग, त्यातलं ‘लांब डोकं’ खांद्याच्या फऱ्यापासून निघतं, हात डोक्यावर गेल्याशिवाय ते पुरतं ताणलं जात नाही. रोप लावून पाठ मशीनकडे करा आणि ओव्हरहेड, म्हणजे हात डोक्यावर नेऊन, मारा. आकड्याच्या नादाला लागू नका. मध्ये फिरती पुली असेल तर ४० किलोची पिन हाताला २० च लागते.

मशीन तपासायचंच असेल तर वजन न लावता बसा आणि बाजूनं मित्राला बघायला सांगा. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड आणि शाफ्टचा मध्य एका रेषेत येत नसेल तर उठा. मशीन सोडूनही दुखत राहिलं तर मात्र डॉक्टरला दाखवा, मी लोखंडाचा माणूस.

त्या जिमवाल्यानं पुढं ते मशीन कुणाला तरी विकलं. तुमच्या मशीनच्या मागच्या पायाला आतून हिरवा प्रायमर दिसला तर कळवा. सीट फुकट बदलून देतो.