कॉलेजची पाटी उतरली, मुलीचं काय?

एका वडिलांचं पत्र, इंदूरहून: मुलगी बी.कॉम. सेकंड इयरला. लोकमान्य नगरातल्या घरापासून जवळ असलेलं तिचं छोटं खासगी कॉलेज त्याच संस्थेच्या बायपासवरच्या मोठ्या कॉलेजात विलीन झालं. फर्स्ट इयरच्या मार्कशीटवर जुन्या कॉलेजचं नाव. पुढे नोकरीत अडेल का? तिला काढून दुसरीकडे घालू का?

नमस्कार.

घाईने काढू नका. डिग्री कॉलेज देत नाही, देवी अहिल्या विद्यापीठ देतं. आणि नावाचं म्हणाल, तर १९६४ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचं नावही आधी इंदूर विद्यापीठच होतं. त्या नावाच्या डिग्रीवर नोकऱ्या करून किती लोक निवांत रिटायर झाले!

अडचण येते ती कंपनीच्या पडताळणीत. फॉर्मवर 'कॉलेजचे नाव' ही एकच चौकट असते. मुलं जुनं नाव लिहितात, कंपनी त्या बंद पडलेल्या ईमेलवर पत्र धाडते आणि उत्तर येत नाही. म्हणून चौकटीत नवं नाव लिहून पुढे 'पूर्वीचे' म्हणून जुनंही लिहावं, आणि पडताळणी विद्यापीठाकडून करून घ्यायला सांगावं. विलीनीकरणाच्या आदेशाची प्रत आत्ताच मागून ठेवा. तीन वर्षांनी ती देणारा बाबू तिथे असेलच असं नाही.

एनरोलमेंट नंबर तोच आहे ना, हे परीक्षेचा फॉर्म भरताना तिने स्वतः ताडून पाहावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिचा मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम) आणि व्होकेशनल (व्यवसायाचा) विषय नव्या कॉलेजात शिकवतात का? 'हो हो, होऊन जाईल' हे उत्तर नाही. लेखी घ्या. विषयच बदलावा लागत असेल, तर मात्र दुसऱ्या कॉलेजचा विचार करायला माझी हरकत नाही. फी जुन्याच दराने घेणार का, तेही लेखीच. कॉशन मनीची, म्हणजे अनामत रकमेची, पावती फेकू नका.

बायपासचं अंतर खरंच त्रासाचं आहे, तिथे माझ्याकडे उपाय नाही. पहिल्या तासाला रोज उशीर झाला तर हजेरी घटते, एवढं लक्षात असू द्या.

अकाउंट्सचे जे सर तिला नावाने ओळखत, ते नव्या कॉलेजात आले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. तिला या रविवारीच त्यांना भेटून यायला सांगा. इंटर्नशिपसाठी दोन ओळींचं शिफारसपत्र तेच देऊ शकतील. बायपासवरच्या वर्गात तिला नावाने ओळखायला नव्या सरांना वेळ लागेल.