सोसायटीचं पाणीबिल का फुगलं?

प्रश्न : आमच्या मुंबईतल्या सोसायटीत माणसं तेवढीच, मग पाणीबिल दुपटीच्या पुढे कसं?

उत्तर : मुंबई महापालिकेचा दर टप्प्यांचा आहे. माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर, २०० पर्यंतच्या वापराला दुप्पट, २५० पर्यंत तिप्पट, त्यापुढे चौपट. गळतीचं पाणीही मीटरमधूनच जातं, म्हणून ते नेमकं महागड्या टप्प्यात पडतं.

पाणी आलेलं असताना जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. तरी मीटर फिरला, तर मधली पाइपलाइन गळतेय. नाही फिरला, तर रात्री पंप बंद ठेवून टाकीची पातळी खडूने आखा. सकाळी उतरली असेल तर टाकीला तडा. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोही बघाच. घराघरात फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. वीस मिनिटांत न ओढताच भांड्यात रंग दिसला, तर वॉशर झिजलाय. प्लंबर बहुतेकदा अख्खी टाकी बदलायला सांगतो. आधी वॉशर बदलून पाहा.