शहाणा आणि वेडा यातली रेषा नेमकी कुठं असते?

नेमकी अशी रेषा नाहीच बघा. आमच्या सोलापुरात सात रस्त्याला कोणी एकटाच हातवारे करत बोलत चालला की आपण आधी कानात ब्लूटूथ आहे का बघतो, असलं तर शहाणा नसलं तर येडा, झाला निकाल. कुलूप तीनदा ओढून बघणं, गाडीशी बोलणं तर घरोघरी चालतंय. डॉक्टर लोक त्यानं झोप, काम, नाती बिघडतात का ते बघतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर सरळ लिहिलंय की समाजाच्या चालीरीतीत बसत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही (इथं लग्न नको म्हटलं तरी येड्यात काढतात!). पण कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील तर अंगावर काढू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.