मोगरा, आंबेडाळ आणि आजीची नऊवारी : चैत्रातले तुमचे प्रश्न

यावेळी सगळ्यात जास्त प्रश्न मोगऱ्याचे आलेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

ताई, आमची बाल्कनी पूर्वेला आहे. मोगरा एकदम हिरवागार, वाढ भरपूर, पण कळी म्हणून नाही. दर पंधरा दिवसांनी खत घालतेय. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

अहो, आधी ते खत थांबवा. पानं अशी तजेलदार आणि फूल नाही म्हणजे बहुतेक वेळा नत्र जास्त होतंय आणि ऊन कमी पडतंय. मोगऱ्याला सरळ अंगावर पडणारं पाच-सहा तास ऊन लागतं, आणि पूर्वेची बाल्कनी, त्यात समोर दुसरी बिल्डिंग, म्हणजे दहा वाजताच ऊन गेलेलं असणार. कुंडी पश्चिमेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर हलवता आली तर बघा, कारण खताने ऊन भरून निघत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत विड्याच्या पानांचा वेल लावा, त्याला सावलीच आवडते आणि हळदीकुंकवाला पानं घरची होतात.

आता छाटणी. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटायचं ते जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. ती वेळ गेली तरी हरकत नाही, आत्ता प्रत्येक फांदीचा शेंडा चार बोटं कापा, खालची जुनी पानं काढा, आठवडाभर पाणी जरा हात आखडून द्या (पण माती पार कोरडी पडू देऊ नका) आणि मग दोन मुठी गांडूळखत आणि चमचाभर लाकडाची राख मातीत मिसळून भरपूर पाणी. साधारण महिन्याभरात नवी फूट आणि तिच्या टोकाला कळ्या दिसायला लागतात. कळ्या आल्या की मात्र पाण्याची हयगय नको, एप्रिलमधलं पुण्याचं ऊन कुंडी एका दिवसात सुकवतं, आणि तहानलेलं झाड पहिल्या कळ्या टाकतं. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरून ठेवा. बहर संपला की फुललेल्या फांद्यांचे शेंडे पुन्हा थोडे कापायचे, म्हणजे पुढचा बहर येतो.

आणि फुलं उमलायची वाट बघू नका, संध्याकाळी टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या कळ्याच खुडा, त्या रात्री घरात उमलतात. चार कळ्या प्यायच्या पाण्यात टाका. मला विचाराल तर उन्हाळ्यातलं याहून मोठं सुख नाही, फक्त त्या झाडावर औषध मारलेलं नसावं एवढं बघा.

ताई, मी नागपूरची, हिंजवडीत जॉबला आहे. फ्लॅटवर आम्ही तिघी राहतो. घरी आई चैत्रगौर बसवते, इथे मला करता येईल का? सुट्टी फक्त शनिवार-रविवार.
– एक वाचक, हिंजवडी

अगं, का नाही येणार, नक्की कर! गौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे हातात पूर्ण महिना आहे, त्यातला कुठलाही शनिवार हळदीकुंकवाला घे. छोटी पितळी अन्नपूर्णा तुळशीबागेत सहज मिळते, आणि झोपाळा पाहिजे तर जाड पुठ्ठा आणि लोकरीच्या दोऱ्यांचा तिघी मिळून करा, विकतच्या थर्माकोलपेक्षा शंभरपट गोड दिसतो. चैत्रांगण काढायला अंगण नसलं तर पाटाला गेरू लाव आणि त्यावर काढ. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव ही चिन्हं बहुतेक घरांत असतात पण प्रत्येक घरचं थोडं वेगळं असतं, त्यामुळे आईला व्हिडिओ कॉल लाव आणि ती सांगेल तसंच काढ.

आंबेडाळ सकाळची सकाळी कर. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, निथळून हिरव्या मिरचीबरोबर जाडसरच वाटायची (गुळगुळीत झाली की मजा गेली), त्यात किसलेली कैरी, ओलं खोबरं, कोथिंबीर, मीठ, किंचित साखर आणि वरून मोहरी-हिंग-हळदीची फोडणी पूर्ण गार करून. गरम फोडणी ओतू नकोस आणि उन्हाळ्यात ही डाळ टिकत नाही, उरली तर लगेच फ्रीजमध्ये. पन्ह्याला कैऱ्या उकडून गर काढ, गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, वेलची आणि मीठ. हा गर बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलास तर आठवडाभर ऑफिसमधून आल्यावर ग्लासभर पन्हं तयार. बाटलीबंद सरबतं कशाला आणायची मग?

आजीच्या दोन सुती नऊवारी आहेत. बहिणीच्या बाळासाठी गोधडी शिवायचीय, पण मला फक्त बटण लावता येतं. जमेल का?
– एक वाचक, सातारा रोड

बटण लावता येतं ना, मग जमलं म्हणा, कारण गोधडीला धावदोऱ्याशिवाय काही लागत नाही! बाळासाठी साधारण तीन फूट बाय चार फूट पुरे. साड्या आधी धुऊन कडक वाळवा, विरलेला भाग बाजूला काढा. दोन्ही साड्या सुती आहेत ते उत्तम, मध्ये सिंथेटिक घालायचा मोह झाला तरी घालू नका, धुतल्यावर एक कापड आटतं, दुसरं नाही, आणि सगळी गोधडी गोळा होते. चार-पाच थर जमिनीवर सुरकुती न ठेवता अंथरा, घरातलं कुणीतरी समोर बसवून ताणून धरायला सांगा आणि आधी लांब-लांब कच्चे टाके घाला. ही पायरी वगळलीत तर थर सरकतात. मग कडा दुमडून बाहेरून आत, बोटभर अंतर ठेवून धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. गाठी थरांच्या आत दडवा, बाळाला टोचायला नकोत. जाड सुती दोरा आणि सुया रविवार पेठेत बोहरी आळीत बघा.

काठ कापून टाकू नका हं, कडेला लावा. टाके वाकडे आले तर येऊ द्यात, ते तुमच्या हाताचे आहेत आणि कापड पणजीचं, त्या बाळाला अजून काय पाहिजे!

मुलांना वसंत दाखवायला पुण्यात कुठे नेऊ?
– एक वाचक, औंध

वेताळ टेकडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस बघायला मिळतात, बहावा एप्रिल-मेमध्ये. फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली जी झाडं दिसतील ती गिरिपुष्पाची, मूळची मध्य अमेरिकेतली, इथे लावलेली, हे मुलांना जरूर सांगा. फुलं तोडायची नाहीत, खाली पडलेली पळसाची फुलं तेवढी वेचून आणा आणि रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी केशरी रंग मिळतो, त्यात पांढरा सुती रुमाल रंगवता येतो. पाण्याची बाटली घ्या आणि ऊन चढायच्या आत, साडेआठपर्यंत खाली उतरा.