पालकांचे प्रश्न : निकालाचा फलक आणि शाळेचे रजिस्टर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. चार एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन आणि कापूस घेतो. आमची मुलगी यंदा सातवी पास झाली आणि गावची शाळा सातवीपर्यंतच आहे. सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जिल्हा परिषदेची प्रशाला आहे, तिचा दहावीचा निकाल ८१ टक्के लागला. त्याच गावात एक खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळा आहे. तिने ‘१०० टक्के निकाल’ असा फलक बसस्थानकासमोर लावला असून गाडीभाड्यासह वर्षाला ३८ हजार रुपये सांगितले आहेत. वडील म्हणतात, सरकारी शाळेत मास्तरच नसतात. पत्नीचे म्हणणे असे की पोरगी हुशार आहे, कुठेही शिकेल. आम्ही नेमके काय पाहून ठरवावे?
— एक पालक, जि. परभणी

उत्तर : आधी त्या दोन आकड्यांचाच निकाल लावू. शंभर टक्के म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभर टक्के. आठवीत किती मुले होती आणि त्यांतली किती मार्चमधल्या परीक्षेपर्यंत त्या शाळेत टिकली, हे फलकावर लिहिलेले नसते. समजा, प्रशालेत आठवीला ६२ मुले होती, दहावीला ५८ बसली आणि ४७ उत्तीर्ण झाली; हा झाला ८१ टक्के निकाल. दुसऱ्या शाळेत आठवीला ४० होती, दहावीला २६ बसली आणि सगळी उत्तीर्ण झाली. हा झाला शंभर टक्के. आता आठवीच्या पटावर हिशेब मांडा : पहिल्या शाळेने शंभरातली सुमारे ७६ मुले पार केली, दुसरीने ६५. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, खरे आकडे आपल्याला शाळेत जाऊन विचारावे लागतील. परंतु विचारायचे ते हेच.

मधली मुले जातात कुठे? मुलाला शाळेतून काढता येऊ नये, हे शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत आहे, नववीला ते नाही. त्यामुळे निकालाची काळजी असलेली शाळा नववीतच चाळणी लावते. कच्च्या मुलाला नववीत नापास करतात, दाखला काढून न्यायला सुचवतात, किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असा सल्ला देतात, म्हणजे ते मूल खासगी विद्यार्थी म्हणून बसते आणि शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांच्या निकालात धरले जात नाही. मी हे ऐकीव सांगत नाही. मुख्याध्यापक असताना एका वर्षी मी स्वतः चार मुलांच्या पालकांना सतरा नंबरचा सल्ला दिला होता. त्या वर्षी आमच्या निकालाचे कौतुक झाले. त्या चौघांपैकी परीक्षा दिली एकाने. अर्थात शाळा सोडणारे प्रत्येक मूल ढकललेलेच असते असे नाही. कोणी मामाकडे जाते, कोणी शिकवणीसाठी लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाते. म्हणून दोन्ही शाळांत सलग तीन तुकड्यांचा हिशेब विचारावा : २०२२च्या जूनमध्ये आठवीत असलेली मुले २०२५च्या मार्चमध्ये दहावीला बसली, त्याप्रमाणे पुढच्या-मागच्या वर्षांचा. एखाद्या वर्षी पाच मुले कमी झाली तर योगायोग म्हणता येईल. दरवर्षी नववीतच पट गळत असेल तर ती त्या शाळेची रीत आहे.

निकालाचा चढउतारही जपून वाचावा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात मुले बिघडली आणि पुढच्या वर्षी सुधारली असे काही घडले नव्हते. २०१९च्या परीक्षेसाठी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि पुढच्या वर्षी ते परत दिले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. तेव्हा प्रशालेचा ८१ टक्के निकाल त्याच वर्षीच्या आपल्या विभागीय मंडळाच्या निकालाशेजारी ठेवून पाहावा. परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. अलीकडे राज्याचा निकाल नव्वदीच्या वरच राहिला आहे (२०२५ मध्ये ९४.१० टक्के), म्हणून ८१ हा आकडा मी चांगला म्हणणार नाही. तो का कमी आहे, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. ‘अमुक दोन विषयांत मुले अडकली, कारण त्या विषयाचे शिक्षक सहा महिने नव्हते’ असे नेमके उत्तर देणारा मुख्याध्यापक मला ‘मुलेच अभ्यास करत नाहीत’ म्हणणाऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

उत्तीर्णांच्या संख्येपेक्षा श्रेणी अधिक सांगतात. विषयाला १०० पैकी ३५ गुणांना उत्तीर्ण, त्यात २० गुण शाळेच्या हातचे. ज्याला अंतर्गत १८ मिळाले त्याला भाषेच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत १७ पुरतात. म्हणून शाळेकडच्या निकालपत्रकात ७५ टक्क्यांच्या वर किती, ६० च्या वर किती आणि नुसते काठावर किती, हे पाहावे. काठावरच्या मुलांनी भरलेला शंभर टक्के निकाल आणि निम्मी मुले साठीच्या वर असलेला ८१ टक्के निकाल यांतून मी मुलीसाठी दुसरा निवडेन. आणि परीक्षा केंद्रावर काय चालते याची गावात चौकशी करायला लाजू नये; कॉपीवर फुगलेला निकाल अकरावीच्या पहिल्या चाचणीत उघडा पडतो, हे मराठवाड्यातल्या पालकांना मी नव्याने सांगायला नको.

आता वडिलांच्या आक्षेपाकडे येऊ, कारण तो खोटा नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळा पुष्कळ आहेत, त्यामागे इतिहास आहे. निजामाच्या राजवटीत पश्चिम महाराष्ट्रासारख्या खासगी शिक्षणसंस्था येथे फारशा उभ्या राहू शकल्या नाहीत. जी हायस्कुले होती त्यांपैकी बरीच सरकारी होती, तीही उर्दू माध्यमाची. १९४८ नंतर माध्यम बदलले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि पुढे अशा शाळा त्यांच्याकडे गेल्या. या प्रशालांनी कित्येक घरांना पहिला पदवीधर दिला. पण त्यांचे दुखणेही तेव्हापासूनचे : जागा कागदावर भरलेली आणि वर्गात माणूस नाही. त्यासाठी शाळेची संचमान्यता पाहायला मागावी. कोणत्या विषयाची किती पदे मंजूर आहेत आणि किती कार्यरत आहेत, ते त्यात असते. तेवढ्यावर थांबू नये. ‘कार्यरत’ असलेले गणिताचे सर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे आहेत का, विज्ञानाच्या बाई नियमित आहेत की तासिका तत्त्वावर (म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर), आणि इंग्रजी शिकवणाऱ्याचा मूळ विषय कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तिन्ही विषयांना त्या-त्या विषयाचा शिक्षक आठवड्यातून सगळे तास वर्गावर असेल तर भिंतींचा रंग उडालेला असला तरी हरकत नाही. हाच प्रश्न इंग्रजी शाळेतही विचारा. तेथे दरवर्षी जूनमध्ये नवे चेहरे दिसत असतील तर तेही दुखणे तितकेच मोठे आहे.

शाळेत जायचे ते पंधरा ऑगस्टला नव्हे. एखाद्या साध्या मंगळवारी, मधली सुट्टी संपल्यावर अर्ध्या तासाने जावे. किती वर्गांत शिक्षक आहेत, ते व्हरांड्यातून दिसते. नववीच्या एखाद्या मुलीची विज्ञानाची वही पाहावी. दहावीची नको, दहावीकडे सगळ्यांचेच लक्ष असते. दिवाळीनंतर त्या वहीत लाल शाई दिसते का? प्रयोगशाळेतल्या बेसिनला पाणी येते का? विज्ञानाच्या १०० गुणांत २० प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि कुलूपबंद प्रयोगशाळेत ते कसे दिले जातात हे आपण समजू शकता. ‘शाळासिद्धी’ या शासनाच्या शाळा-मूल्यमापन कार्यक्रमात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत, पण मुळात ते शाळेने स्वतःचे केलेले मूल्यमापन आहे, त्यातली श्रेणी पाहावी आणि मग ही वही पाहावी.

पैशाचा हिशेब आपण मांडलाच असेल : तीन वर्षांचे १ लाख १४ हजार. दुसऱ्या बाजूला, प्रशालेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि पोषण आहार मिळतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आठवीत होणारी एन.एम.एम.एस. परीक्षा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. ती शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठीच आहे, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेत गेल्यास हा दरवाजा बंद होतो. मुलगी खरोखर हुशार असेल तर प्रशालेतून गेल्या वर्षी या परीक्षेला किती मुले बसली, एवढा एकच प्रश्न त्या शाळेच्या उमेदीचा अंदाज देईल. उत्तर ‘दोन’ आले तर मी सावध होईन.

माध्यमाविषयी थोडक्यात सांगतो. सात वर्षे मराठीत शिकलेल्या मुलीला आठवीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून देणे मला पटत नाही. तिची पहिली दोन वर्षे विषय समजण्याऐवजी शब्द पाठ करण्यात जातील. प्रशालेत आठवीपासून सेमी-इंग्रजीची (गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून) तुकडी असेल आणि विज्ञान शाखेचा विचार असेल, तर तो मधला मार्ग चांगला आहे. पुन्हा अट तीच : सेमीचे गणित शिकवायला माणूस हवा.

आणि शेवटी रस्ता. मोठ्या गावात शाळा कितीही चांगली असली तरी आठवीतली मुलगी संध्याकाळी सातच्या आत घरी येणार नसेल तर नववीत तिचे शिक्षण थांबवणारे घरातच कोणीतरी निघते. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत विनामूल्य आहे, आणि आपला तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर आठवी ते बारावीच्या मुलींसाठी वेगळी बस असते. तिची परतीची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळते का, दहावीचे जादा तास लागले तर ती थांबते का, हे आगारात विचारून घ्यावे. नसेल तर पाच-सहा गावांच्या पालकांनी मिळून वेळ बदलण्याचा अर्ज करावा. मुलींचे स्वच्छतागृह आतून पाहून येण्याचे काम पत्नीने करावे.

विषयशिक्षक आहेत, पट टिकतो आणि बस जुळते, या तिन्ही गोष्टी प्रशालेत सापडल्या तर तेथेच घाला. पहिलीच सापडली नाही, तर मात्र वडिलांचे ऐका. त्या वेळी खासगी इंग्रजी शाळेआधी परिसरातली अनुदानित मराठी शाळा पाहा, एन.एम.एम.एस.चा दरवाजा तेथेही उघडा असतो.

प्रश्न : माझा भाऊ आणि भावजय दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पुतण्या नववीत आहे. यंदा त्याला आजीजवळ ठेवायचे आहे. गावातल्या दोन शाळांपैकी त्याच्यासाठी कोणती बरी, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : दोन्ही शाळांत जाऊन गेल्या वर्षीचा नववीचा हजेरीपट दाखवायची विनंती करा; जानेवारीचे पान उघडा. बीड जिल्ह्यात जानेवारीत हजेरी घसरत नाही अशी शाळा मला फारशी आठवत नाही, म्हणून प्रत्येक मूल रोज हजर दाखवले असेल तर तो हजेरीपट खरा मानू नका. रकान्यात खरी गैरहजेरी लिहिणारी आणि त्यापुढे ‘पालक कारखान्यावर, मूल मामाकडे’ अशी नोंद ठेवणारी शाळा आपल्या कामाची. तिला निदान मूल कोठे आहे हे ठाऊक असते. दहावीला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते, त्यामुळे पुढच्या वर्षी हा प्रश्न आणखी टोकदार होईल.

त्यानंतर वर्गशिक्षकांना विचारा की मूल दोन दिवस आले नाही तर ते कोणाला फोन करतात. आजीला मोबाइल वापरता येत नसेल तर आपला क्रमांक तेथे नोंदवून ठेवा. आजीचे वय आणि प्रकृती पाहता तिच्यावर पाच महिने सोपवणे जड वाटत असेल, तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. ती दिवाळीच्या आधी, शक्यतो मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेण्यापूर्वीच करा. कारण एकदा टोळी ठरली की घरात मुलाच्या शाळेचा विषय कोणी काढत नाही.