सोसायटीतल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात भूशास्त्र शिकवायचंय. ज्वालामुखीचं किट कोणतं घ्यावं आणि कितव्या इयत्तेपासूनची मुलं घ्यावीत?

किट घेऊच नका. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, वर फेस आणि पालकांच्या टाळ्या! त्यातून मुलांना कार्बन डायऑक्साइड कळतो, जमीन कळत नाही. आणि आपल्याकडच्या मुलांना तर सरळसरळ चुकीचं चित्र दिसतं. सह्याद्री काही शंकूच्या टोकातून उसळलेला नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बहुतेक जमिनीच्या लांबलचक भेगांमधून आला आणि पातळ पिठासारखा पसरत गेला, थरावर थर. घाटातल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या.

हे मी आमच्या शिबिराच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा खजिनदार काका म्हणाले, "मुलांना मजा आली पाहिजे, लेक्चर नको." मी मुलांना विहीर दाखवायची म्हणत होतो. ठराव झाला : विहीर धोक्याची, किट मंजूर.

मग मे महिन्यात मी स्वतःच अकरा मुलं आणि चार पालक घेऊन पारनेर तालुक्यात मामाच्या गावी गेलो. मामाच्या विहिरीचं काम चालू होतं, यारी (दगड-माती वर काढायचं यंत्र) लावलेली. सात परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) खोल गेले होते. काम थांबवून मामाने कठड्याच्या अलीकडून मुलांना थर मोजायला लावले. वर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या (बुडबुड्यांच्या भोकांचा खडक), मग वीतभर लाल गेरू आणि त्याच्याखाली काळा पाषाण. भिंत ओली होती ती बरोब्बर गेरूच्या वर. मामा शाळेत सातवीपर्यंत गेलेला. तो म्हणाला, "वरून झिरपलेलं पाणी या लालीपाशी अडतं, खाली जात नाही." एका मुलीने विचारलं, मधेच लाल कशाला? मी सांगितलं की एक थर थंड झाल्यावर बराच काळ नवा लाव्हा आला नाही, त्या काळात खडकाची झीज होऊन माती झाली, मग तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन बसला. ती पाच मिनिटं गप्प. फेस बघून कोण गप्प बसतं?

डबराच्या ढिगात मांजऱ्याचे तुकडे होते. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी त्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे स्फटिक भरलेले. मुलांनी खिसे भरले. परतताना निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले. पाण्याबरोबर गोटे गरगरून पाषाणात रांजण कोरले जातात, हे तिथे सांगावंच लागलं नाही. खळग्यात गोटे पडलेलेच होते.

खर्च म्हणाल तर गाडीभाडं आणि डबे. शिबिरात बसून करायचं असेल तर नदीच्या कोरड्या वाळूत चुंबक फिरवा, काळे कण चिकटतात, ते बेसाल्टमधलं, म्हणजे त्याच काळ्या पाषाणातलं, मॅग्नेटाइट हे लोहखनिज. शेतातल्या चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळा, तीही फसफसते. (काकांचा फेस इथे खरा कामाला येतो.)

वयाचं मला फारसं कळत नाही, आमच्यात तिसरीतलाही होता.

आता काकांच्या बाजूचंही सांगतो, कारण ते अगदीच चुकीचे नव्हते. सुरुंग लावायचे असतील त्या दिवशी विहिरीकडे फिरकू नका, कठड्याजवळ मोठं माणूस हवंच आणि मे महिन्यात दहाच्या आत सावलीत या. आणि हो, तुम्ही रत्नागिरीत असाल तर वर जांभा लागेल, चंद्रपूरकडे वालुकाश्म आणि कोळसा, तिथे माझी ही लाव्हाची गोष्ट जशीच्या तशी चालणार नाही. गावातल्या विहीर खोदणाऱ्याला विचारा, त्याला थर पाठ असतात.

एवढं सांगूनही किटच हवं असेल तर आमच्या क्लबहाउसच्या माळ्यावर एक पडलंय. काकांना विचारून फुकट देतो.