पाटी मागे गेली तरी गाडी स्पीड का घेत नाही?

प्रश्न : गणपतीला गावी जाताना कणकवलीच्या अलीकडे 30 लिहिलेली पिवळी त्रिकोणी पाटी दिसली, गाडी स्लो झाली. पण पाटी गेली, रुळावर काम करणारी माणसं पण मागे पडली, तरी गाडी आपली रांगतेच आहे. एवढा वेळ का घालवतात? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दादा, तुमचा डबा बहुतेक इंजिनाजवळ असणार. तुम्ही कामाच्या जागेवरून पुढे गेलात पण मागचे डबे अजून तिथेच होते ना! एलएचबीचा (हल्लीच्या नवीन पद्धतीच्या डब्यांचा) एक डबा जवळपास 24 मीटरचा, 22 डबे आणि इंजिन धरलं तर गाडी अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते, आणि 30 च्या स्पीडने ती पूर्ण बाहेर पडायला एक मिनिटाच्या वर लागतं. मर्यादा नुसती इंजिनाला नसते, शेवटच्या डब्यालाही तेवढीच लागू असते. म्हणून पुढे तेवढं अंतर सोडून गोल पिवळी पाटी लावतात, टी/पी लिहिलेली, ती आली की पॅसेंजर गाडीने स्पीड घ्यायचा. मालगाडीसाठी टी/जी वेगळी.

आणि हे लोको पायलटच्या मनावर नसतं हो. कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत किती स्पीड, हे कॉशन ऑर्डरवर लिहून पायलटला आणि गार्डला आधीच्या स्टेशनवरच मिळतं, शिवाय जागेच्या 1200 मीटर आधी सावधानतेची पाटी असते, कारण एवढं वजन एकदम थांबत नाही. नवीन खडी गाड्या जाऊन जाऊनच बसते, म्हणून काम संपलं तरी मर्यादा एकदम उठवत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्यामुळे माणसं दिसली नाहीत तरी पाटी असू शकते.

प्रश्न : पाटी नसतानाही पावसात गाडी 40 ने का?

उत्तर : कोकण रेल्वेच्या सूचनाच आहेत की जोरदार पावसात पुढचं नीट दिसत नसेल तर 40 च्या वर जायचं नाही. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ गाडी दरडीच्या दगडांवर आदळली, 50 च्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसचाही असाच अपघात झाला. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, वळणावर दगड दिसला तर ब्रेक लागून थांबायला जागा हवी, आणि ती स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणजे 120 ला जेवढी लागते त्याच्या साधारण नवव्या भागात 40 ची गाडी थांबते. मला तरी घरी तासभर उशिरा पोचलेलं चालेल.

प्रश्न : मग गेलेला वेळ पुढे भरून काढतात का?

उत्तर : हो, टाइमटेबलात थोडा जादा वेळ धरलेला असतो, पण त्या सेक्शनला जेवढी परवानगी तेवढ्यातच पळवायची. त्यात रोहा-वीर सोडलं तर पुढे बहुतेक सिंगल लाइन, एक गाडी लेट झाली की समोरची क्रॉसिंगला थांबते, त्यामुळे कोकणात लेट भरून निघणं अवघडच.